ओताऱ्याच्या अंगणातली झडती

“पण वाजलं नाही, म्हणजे काय समजायचं?”

“खाली काही नाही असं समजायचं, बाई.”

“काहीच नाही?”

“धातू नाही. दुसरं काय असणार?”

“मला काय ठाऊक? मशीन तुझं.”

मुरलीधर ओतारींनी हेडफोन कानावरून काढून गळ्यात अडकवला. आपण इथं शिकायला आलो होतो की शिकवायला, हेच त्यांना आता कळेनासं झालं होतं.

खरं तर शिकायलाच आले होते. सावरखेड्याच्या महानुभाव मठात सारजाबाई राहत. डोक्याचं मुंडन केलेल्या, वाळक्या अंगाच्या, भिक्षा मागून खाणाऱ्या तपस्विनी. पंचक्रोशीत त्यांना नुसतं ‘बाई’ म्हणत. मठाला लागूनच ओताऱ्यांच्या जुन्या घराची जागा. घर म्हणून आता काही उरलेलं नव्हतं. पत्रे, खांब, दारं कधीच उतरवून नेलेली. राहिलं होतं ते दगडी जोतं, पुढचं अंगण आणि अंगणाच्या कडेला जुन्या भट्टीचा काळा खड्डा.

राहायला घर नाही म्हणून मुरलीधर आदल्या संध्याकाळी मठात उतरले. दंडवत घातला आणि म्हणाले, “बाई, मन ठिकाणावर नाही. काही उपदेश करा.”

बाईंनी त्यांच्याकडे बघितलंच नाही. त्यांच्या काखेतल्या लांबोळक्या खोक्याकडे बघितलं.

“ते काय आहे?”

“जमिनीतला धातू शोधायचं मशीन.”

“अगं बाई! मग आधी ते शिकव मला.”

तेव्हापासून गुरू शिकत होता आणि शिष्य शिकवत होता. शिष्याची चिडचिड होत होती. गुरूला मात्र मजा येत होती.

मुरलीधर हे साधं प्रकरण नव्हतं. सगळी नोकरी त्यांनी वजनमापांचा इन्स्पेक्टर म्हणून काढली होती. पारड्याखाली चिकटवलेलं लोहचुंबक, तळ कोरून हलकं केलेलं वजन, पोचा आणलेलं रॉकेलचं माप, काही म्हणून त्यांच्या नजरेतून सुटायचं नाही. दुकानदारानं चहा मागवला तर ते उभ्या उभ्या चहा परत पाठवायचे. माणूस बोलतो ते ऐकायचं नाही, काटा दाखवतो ते लिहायचं, हा त्यांचा बाणा. निष्कलंक माणूस. असा माणूस घरात असला की घरच्यांचं काय होतं, ते त्या घरच्यांनाच विचारावं. सत्कार करणारे ते विचारत नाहीत.

“धरा,” मुरलीधर म्हणाले आणि त्यांनी मशीनचा दांडा बाईंच्या हातात दिला. “थाळी भुईला टेकवायची नाही. उंचही धरायची नाही.”

“मग?”

“सारवताना हात कसा फिरतो? तसा. एक पट्टा दुसऱ्यावर थोडा चढला पाहिजे. मधे जागा सोडायची नाही.”

“हे सोपं आहे.”

“सोपं नाही. टोकाला गेलं की नवशिके थाळी वर उचलतात. झोका दिल्यासारखी. तिथंच चुकतं. आणि घाई करायची नाही.”

बाई चालू लागल्या. खरंच सारवल्यासारख्या. दोन पावलांवर मशीन कुईं करून ओरडलं.

“वाजलं!”

“लोखंड आहे. तुटका आवाज आला की लोखंड समजायचं. खिळा असेल, सोडून द्या.”

“न बघताच?”

“आवाजावरून कळतं.”

“आवाज चुकत नाही कधी?”

मुरलीधर थोडे घुटमळले. “चुकतो कधी कधी. म्हणून नवशिक्यानं सगळंच खणावं असं सांगतात.”

“मी नवशिकीच आहे,” बाई म्हणाल्या आणि खुरपं घेऊन खाली बसल्या.

खिळा निघाला. बाईंनी तो पोरीच्या कौतुकानं तळहातावर धरून बघितला, पुन्हा खड्ड्यात ठेवला आणि वर माती लोटली.

“अहो, परत कशाला पुरता?”

“माझा थोडाच आहे?”

पुढं पुन्हा वाजलं. पुन्हा. पुन्हा. एक पाऊल टाकायची सोय नव्हती. नालेचा तुकडा, छत्रीची काडी, सोड्याच्या बाटलीचं बूच. मग एका जागी भरीव, गोलसर आवाज आला. मुरलीधरनी झटक्यात बाईंच्या हातातलं खुरपं घेतलं, माती उकरली आणि त्यांचा चेहरा उतरला. हिरवट पडलेला, चिंचोक्याएवढा पितळेचा गोळा.

“हे काय?”

“थेंब.”

“कसला?”

“आमच्या घरात रीत होती. मुशीतलं पितळ साच्यात ओतायच्या आधी पहिला थेंब भुईला द्यायचा. घंटा असो, समई असो, नाहीतर देव असो. वडील द्यायचे, आजोबा द्यायचे, त्यांचे वडीलही देत असतील.”

“रोज?”

“भट्टी पेटली की.”

बाईंनी सगळ्या अंगणावरून नजर फिरवली. जोत्यापासून कुंपणापर्यंत. मग त्या मुरलीधरकडे बघून हसल्या. दात थोडे उरले होते, पण हसू पुरेपूर होतं.

“म्हणजे हे सगळं अंगण वाजणार.”

“...हो.”

“मशीन आणताना हे आठवलं नाही तुला? ओताऱ्याचा मुलगा तू.”

खरंच आठवलं नव्हतं. जाहिरातीत एक माणूस हिरव्यागार मैदानात मशीन फिरवत होता. ते एकदाच वाजलं आणि खाली सोन्याचं नाणं निघालं. अशा जाहिराती करणाऱ्यांना उन्हात उभं करून ओताऱ्याचं अंगण सारवायला लावलं पाहिजे. पण मुरलीधर तरी काय? उभा जन्म दुसऱ्याचे काटे तपासले आणि हा काटा न तपासता घरी आणला. जिथं पावलापावलाला वाजतं, तिथं वाजण्यावरून ओळखायचं तरी काय?

बाईंनी त्यांच्या हातातून थेंब घेतला. जागच्या जागी ठेवला. माती लोटली.

“बाई!”

“दिलेलं आहे ते. घेतोस काय?”

मुरलीधरनी मशीन ओढूनच घेतलं. आता ते स्वतःच फिरवायला लागले, दात ओठ खात. ते खणत पुढं जात, बाई मागून खड्डे बुजवत येत. एकाला घाई, दुसरीला मुळीच नाही.

तेवढ्यात कुंपणापाशी मोटरसायकल थांबली. गावचे पोलीस पाटील, दगडूतात्या.

“काय इन्स्पेक्टर, हंडा लागला का?”

“हंडा बिंडा काही नाही.”

“नाही, गावात बोलतात म्हणून विचारलं. रात्री लिंबं कापून टाकलीत म्हणे अंगणात.”

“लिंबं? मी? कोण बोलतं असं?”

“सगळेच. काय आहे, नुसतं मशीन म्हटलं की गावाचा विश्वास बसत नाही. लिंबू असलं की बसतो.” तात्या आपल्याच बोलण्यावर हसले. मग आवाज खाली आणून म्हणाले, “आज गोरज मुहूर्त ना? पिंपरीला जाऊन आलो. मांडव झकास घातलाय. तुम्ही अजून हे असे मातीत?”

“बघू.”

“बघू काय? मामा ना तुम्ही? नवरी कोण आणणार मांडवात?”

मुरलीधरनी हेडफोन कानावर चढवला. पोलीस पाटलांनी बाईंकडे बघितलं, बाईंनी आभाळाकडे. मोटरसायकल फटफटत निघून गेली.

पिंपरी म्हणजे नदीचा पूल ओलांडला की पलीकडचं गाव. मुरलीधरची धाकटी बहीण द्वारका तिथं दिलेली. आज तिच्या मुलीचं, पल्लवीचं लग्न. नवरीला हाताला धरून मामानं बोहल्यावर आणायचं, आणि अंतरपाटाच्या अलीकडे तिच्या पाठीशी उभं राहायचं. ही जागा बापाचीही नाही, मामाचीच. आणि मामा बहिणीशी कित्येक वर्षं बोलत नव्हता.

ऊन कलायला लागल्यावर मुरलीधर घामाघूम होऊन जोत्यावर बसले. बाई शेजारी बसल्या.

“एवढं काय शोधतोस रे?”

“टाक.”

“आमच्या पंथात टाक नसतात.”

“म्हणून तर तुम्हाला नाही कळायचं.”

“नाहीच कळत. म्हणून विचारते.”

मुरलीधरनी कपाळ पुसलं. “चांदीचा लहानसा पत्रा असतो. त्यावर मूर्ती उठवलेली. देवाचा असतो, तसा गेलेल्या माणसाचाही करून देव्हाऱ्यात ठेवतात. वडिलांचा होता. ते दुसऱ्यांचे देव ओतत आले, त्यांचा टाक मी स्वतः करवून घेतला. आई गेली, तेराव्याला देव्हारा उघडला... टाक नव्हता.”

“मग?”

“आईचं शेवटचं सगळं द्वारकानं केलं होतं. घरात तीच होती. किल्ल्या तिच्याकडे.”

“मग?”

“मग मी विचारलं.”

“एकटीला बाजूला घेऊन?”

“...नाही.”

पंगत बसली होती. सगळे भाऊबंद, सोयरे, गावातली चार मोठी माणसं. त्यांच्यासमोर मुरलीधरनी विचारलं. सरकारी आवाजात विचारलं. आईची उशापायथ्याची सगळी घाण जिनं काढली तिला उभी करून, देव्हाऱ्यातली वस्तू कुठं गेली म्हणून विचारलं, आणि त्या पंगतीतला एकही माणूस पानावरून उठला नाही. हात थांबले, पण उठलं कुणी नाही. वाढणारे वाढतच होते. लोक मोठे सोशिक असतात, दुसऱ्यावर बेतलं असलं म्हणजे.

“ती काय म्हणाली?” बाईंनी विचारलं.

“म्हणाली, दादा, मी नाही नेला. झडती घे माझी.”

“घेतलीस?”

...

“मुरलीधर, घेतलीस?”

“तिनंच पिशवी पुढं केली, बाई. मी पालथी केली. एक लुगडं होतं. औषधाची अर्धी बाटली. आईचा चष्मा.”

“टाक?”

“नव्हता.”

“म्हणजे पिशवी वाजली नाही.”

मुरलीधर एकदम त्यांच्याकडे वळले. बाई मात्र नखातली माती काढत होत्या.

“मग तू काय समजलास?”

“समजलो... वाटलं, आधीच कुठंतरी पोचवला असेल. तसं बोललो. ती चष्मा उचलून निघून गेली. परत आली नाही.”

“आणि आता हे मशीन?”

मुरलीधरच्या आवाजात पहिल्यांदाच थोडा उत्साह आला. “मागच्या महिन्यात आमची जुनी शेजारीण भेटली. म्हणाली, शेवटी शेवटी तुझ्या आईला भ्रम झाला होता. चमचा पिठात लपवायची, चपला हंड्यात. खुरपं घेऊन अंगणात फिरायची. म्हणजे बघा! तिनंच पुरला असेल. इथंच असेल कुठंतरी.”

“असेल.”

“सापडला की तसाच मांडवात जाणार. हातात टाक घेऊन. ज्यांच्या देखत बोललो त्यांच्या देखत सांगणार, की माझी बहीण निर्दोष आहे. लपवाछपवी नाही. पुरावा समोर ठेवणार.”

त्यांना हे बोलून बरं वाटलं. छाती थोडी पुढं आली.

“आणि नाही सापडला तर?”

“बाई, तुम्ही माझ्या बाजूच्या आहात की तिच्या?”

“मी भिक्षेकरी. ज्यानं वाढलं त्याच्या.” बाईंनी झोळी पुढं ओढली. “सकाळी पिंपरीलाच गेले होते. लग्नघर, हजार कामं. तरी तिनं हातानं भाकरी थापून दिली. आणि म्हणाली, दादाला सांगा, दुसऱ्या कुणाला मी मामा म्हणून उभं करणार नाही. जागा मोकळी राहिली तर मोकळी राहू दे.”

मुरलीधरनी खाली मान घातली. भर मांडवात मोकळी जागा! सगळं वऱ्हाड बघणार. नवऱ्याकडचे विचारणार. आणि द्वारका काय सांगणार?

बाईंनी झोळीतून भाकरी काढली. जोत्याच्या दगडावर ठेवली. भाकरीच्या कडेला हळदीचं पिवळं बोट उमटलेलं होतं.

“लाव मशीन.”

“कशाला?”

“भाकरीला.”

“बाई, थट्टा करू नका.”

“शिष्य आहे तुझी. एवढं दाखव.”

मुरलीधरना काय करावं कळेना. नाही म्हणावं तर म्हातारी ऐकणार नाही, हो म्हणावं तर वेड्यात जमा. शेवटी त्यांनी थाळी भाकरीवरून फिरवली. एकदा या बाजूनं, एकदा त्या. शिकवल्यासारखी नीट, टोकाला न उचलता.

मशीन गप्प.

“काय म्हणतंय?”

“काही नाही.”

“चोराच्या हातची आहे की सावाच्या?”

“अहो, मशीनला ते कसं कळणार!”

“मग कुणाला कळणार?”

बाईंनी भाकरी मोडली. अर्धी स्वतः खाऊ लागल्या, अर्धी त्यांच्यापुढं धरली. मुरलीधरनी घेतली. हळद लागलेली कड त्यांच्याकडे आली होती. ते ती नुसती हातात धरून बसले. खाववेना, खाली ठेववेना.

नदीपलीकडून ताशाचा आवाज आला. आधी तुरळक, मग सलग. वरात देवळातून मांडवाकडे निघाली असावी. पुलावरून धूळ उडवत गुरं परतायला अजून थोडा अवकाश होता, पण थोडाच.

मुरलीधर ताडकन उठले. भाकरी रुमालात गुंडाळून खिशात घातली आणि मशीन उचललं. आता त्यांनी पद्धत बिद्धत सोडून दिली. इकडून तिकडं थाळी नुसती झोकायला लागले. नवशिक्यासारखी. मशीन ओरडत होतं, पडद्यावरचे आकडे उड्या मारत होते, खाली थेंब, वर थेंब, पणजोबांचा थेंब, आजोबांचा थेंब, आणि मुरलीधर प्रत्येक आवाजाला दचकून थांबत, गुडघ्यावर बसत, उठत, पुन्हा पुढं जात. कुठं खणलं, कुठं नाही, त्यांचं त्यांना कळेनासं झालं. मघाशी बाईंनी बुजवलेले खड्डे त्यांनी पुन्हा उकरले. तेच खिळे पुन्हा निघाले.

“हे झालं होतं रे,” बाई म्हणाल्या.

“ठाऊक आहे!”

ठाऊक नव्हतं.

मग ते स्वयंपाकघराच्या मागच्या दाराशी आले. म्हणजे दार जिथं होतं तिथं. इथं आईचा भांडी घासायचा दगड होता. दगड अजूनही तसाच होता, अर्धा भुईत गेलेला. त्याच्या कडेला मशीन वाजलं. भरीव, गोल, स्वच्छ. मुरलीधरनी थाळी उलट फिरवली. तोच आवाज. पडद्यावरचा आकडा हलेना.

“बाई...”

“ऐकलं.”

ते गुडघ्यावर बसले. खुरप्यानं हलकेच मातीचा चौकोन कापला, उचलून बाजूला ठेवला. आत बोटं घातली. ओली माती. एक खडा. आणि मग बोटाला लागली एक कड. पातळ. सपाट. धातूची.

“आहे! बाई, आहे! पत्रा आहे!”

ते ओढणार तेवढ्यात बाईंनी आपला अनवाणी पाय खड्ड्यावर ठेवला.

मुरलीधरची बोटं आत, वर बाईंचा पाय.

“बाई, पाय काढा.”

“काढते. आधी सांग. द्वारकानं टाक नेला होता का?”

“तेच तर बघतोय!”

“बघू नकोस. सांग.”

“अहो, हातात आलाय! एक क्षण थांबा, आत्ता कळेल.”

“कळल्यावर काय सांगायचं त्यात? माती झाडलीस की पत्रा बोलेल. मला तुझं ऐकायचंय.”

“मी उभ्या नोकरीत पुराव्याशिवाय एक ओळ लिहिली नाही!” मुरलीधर ओरडलेच. “एक ओळ! तुम्ही मला काय विचारताय!”

“पंगतीत बोललास तेव्हा कुठला होता?”

“काय?”

“पुरावा.”

या बाईंना चार खडे बोल सुनवावेत असं मुरलीधरना वाटलं. बाईंच्या पायाला जोर नव्हता. वाळलेलं, भेगाळलेलं पाऊल, ढकललं असतं तर बाजूला झालं असतं. पण त्यांना ते ढकलता येईना, आणि का येईना हेही कळेना.

पलीकडे ताशा थांबला. सनई सुरू झाली. वरात मांडवात पोचली.

त्यांना द्वारका दिसली. पिशवी पालथी केली तेव्हा चष्मा खाली दगडावर पडला होता. ती वाकली. तिनं चष्मा उचलला आणि पदरानं त्याच्या काचा पुसल्या. आधी एक, मग दुसरी. आई घालणार असल्यासारख्या. भाऊ काय बोलतोय याकडे तिचं लक्षच नव्हतं. तेव्हा त्यांना वाटलं होतं, नजर चुकवतेय. इतके दिवस तेच वाटत आलं होतं.

“नाही,” ते म्हणाले.

“काय नाही?”

...

“मुरलीधर, काय नाही?”

“नाही नेला तिनं.”

आवाज इतका खाली गेला होता की त्यांना स्वतःलाही नीट ऐकू आला नाही. बाईंना ऐकू आला. त्यांनी पाय काढला.

मुरलीधरनी पत्रा ओढला. माती गळून पडली. त्यांनी तो शर्टाला पुसला, उन्हाकडे धरला, उलटा केला, पुन्हा सुलटा केला. गोल होता. कडेला आटे होते. अॅल्युमिनियमचा होता. पावडरच्या जुन्या डब्याचं झाकण.

त्यांचा चेहरा लहान मुलासारखा झाला होता, गर्दीत आईचा पदर समजून भलत्याच बाईचा पदर धरलेल्या.

“बाई... हा टाक नव्हे. झाकण आहे हे.”

पुलावर गुरांची धूळ दिसायला लागली होती. मुरलीधरनी झाकण खाली ठेवलं. एकदा पुलाकडे बघितलं, एकदा उरलेल्या अंगणाकडे. मग त्यांचा हात चाचपडत मशीनच्या दांड्याकडे गेला.

बाईंनी पायाला लागलेली माती झाडली.

“मग?” त्या म्हणाल्या. “आता नेला का तिनं?”